दुसरं पान

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवरा होता तोवर त्याच्यासोबत एका चुलीपाशी सगळं आयुष्य काढलं, पण त्यालाही नाही. जावेला नाही. विहारात पौर्णिमेला डोळे मिटून बसते, तिथं नुसतं मनात म्हणायचं असतं — तेवढीही हिंमत झाली नाही. मग तुम्हालाच काऊन सांगते? कारण तुम्ही माझ्याकडे कधी कागद घेऊन आला नाहीत. ज्यांचे ज्यांचे कागद मी वाचले, त्यांच्यासमोर हे तोंडातून निघत नाही.

थांबा, ओळीनं सांगते. माझी सवय बोलता बोलता भरकटायची, निघायचं सौंदडहून आणि पोचायचं चोरखमाऱ्याच्या तलावावर.

मी शाळेत गेले ती तिसरीपर्यंत. वाचायला शिकले ती बिडीमुळे. दर आठवड्याला वळलेल्या बिड्या टोपलीत घेऊन सट्टेदाराकडे, म्हणजे बिडीच्या ठेकेदाराकडे जायचं. तो जुड्या हातात घेऊन खराब म्हणून छाटायचा आणि आमच्या कार्डावर काहीतरी लिहायचा. काय लिहायचा? कुणाला माहीत. अंगठा दाबा आणि घरी जा. एक दिवस वाटलं, हा लिहितो ते बघायला तर पाहिजे. मग काय — किराण्याच्या पुड्यांचे कागद, एसटीच्या पाट्या, भिंतीवरच्या जाहिराती, जे दिसेल त्यावर बोट ठेवून अक्षरं जुळवत गेले. मराठी झाली, मग हिंदीही झाली. सट्टेदार माझ्यासमोर जपून लिहायला लागला.

मग आमच्या मोहल्ल्यातल्या बायका आपापली कार्डं घेऊन यायला लागल्या. त्यांच्यामागून माणसं. सातबारा, दवाखान्याची चिठ्ठी, पंचायतीची नोटीस. येणारा रिकाम्या हातानं येत नसे. दोन वांगी, मूठभर लाखोळीची डाळ, काहीतरी आणायचाच. मी आधी हात धुवायची, पदराला पुसायची, ओट्यावर बसायची आणि मोठ्यानं वाचायची. सगळे गप्प बसून ऐकायचे. वाचणारी बाई म्हणायचे मला. त्या नावाची गोडी किती लागली होती, ते आता लिहिताना लाज वाटते. कार्डात कुणी फसू नये म्हणून मी वाचायला शिकले होते. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

माझा धाकटा दीर शालिक. मी लग्न होऊन आले तेव्हा तो विहिरीवर माझ्या हातून बादली ओढून घ्यायचा, इतका मायाळू. सर्टिफिकेट आठवीचं, पण वाचणं चौथीचं. रस्त्यावरचे बोर्ड वाचायचा, भरलेला कागद दिसला की घाम फुटायचा. हात मात्र स्टेअरिंगवर असे बसायचे, जसे आमचे धानाच्या रोवणीत बसतात. दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते, तिच्या नाटकात दरवर्षी शिपायाचं काम करायचा आणि दरवर्षी एकच वाक्य विसरायचा. त्याला ट्रकचं लायसन नवंनवं मिळालं, त्या वर्षीची ही गोष्ट. वीस वर्षं झाली असतील.

दोन नोकऱ्या समोर आल्या. एक इथल्याच एका राइस मिलवाल्याची: तांदूळ भरा, पोचवा, फेरीमागे रोख घ्या. दुसरी एका मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपनीची, ऑफिस नागपूरला. त्या कंपनीनं कागद दिला होता, दोन पानांचा. शालिक तो शर्टाच्या आत घालून घेऊन आला, घामानं थोडा ओला झाला होता. ओट्यावर सासू, शालिकची बायको म्हणजे माझी जाऊ कांता, कांताच्या मांडीवर तीन वर्षांची सुजाता, शिवाय शेजारच्या चार बाया. सगळ्या जमल्या होत्या. मी हात धुतले.

पहिलं पान हिंदीत होतं. खडाखडा वाचलं. पगार महिन्याचा बांधलेला, मिलवाल्याच्या फेऱ्यांपेक्षा थोडा कमीच. शालिकचं तोंड जरा उतरलं. म्हणाला, "थांबा, वैनी, दुसऱ्या पानावर का लिवलं हाय ते सांगा. मंडईले सुट्टी भेटन का?"

मी पान उलटलं.

दुसरं पान इंग्रजीत होतं.

आता सांगा, काय अवघड होतं? एवढंच म्हणायचं होतं की हे मला येत नाही. गुरुजी चार घरं पलीकडं राहत होते, संध्याकाळी दारातच बसलेले असायचे. कांताला पाठवलं असतं तर तेवढ्यात चहा उकळला असता. पण ओट्यावर सात-आठ तोंडं माझ्याकडे बघत होती — आणि वाचणारी बाई गप्प कशी बसेल?

इंग्रजीतलं मला आकडे तेवढे कळायचे. एका ओळीत पाच शून्यांचा आकडा होता. मी त्यावर बोट ठेवलं आणि म्हटलं, गाडीचं नुकसान झालं तर एवढे पैसे डायवरकडून भरून घेतील. खाली कुठंतरी चोवीस लिहिलेलं दिसलं. म्हटलं, चोवीस तास गाडी सोडायची नाही. सुट्टी? सुट्टीचं काही लिहिलेलं नाही, बाबू.

कुणी सांगितलं होतं मला? कुणीच नाही. माझ्याच तोंडानं ते रचलं, आणि वाचताना काढते तोच मोठा आवाज काढून रचलं.

सासूनं कपाळाला हात लावला. शालिकनं कागदाची घडी केली आणि माझ्याच हातात दिली. "बरं झालं, वैनी, तुमी होते म्हणून," म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून तो मिलच्या गाडीवर गेला.

दोन वर्षं बरी गेली. मग एका गोदामात माल खाली करताना तांदळानं भरलेल्या कट्ट्यांची थप्पी ढासळली आणि त्याच्या डाव्या पायावर आली. मालकानं पहिलं प्लास्टर करून दिलं, आणि गाडीवर दुसरा डायवर बसवला. त्याचं तरी काय चुकलं? त्यानं कागदावर काही लिहून दिलंच नव्हतं. शालिक आठ महिने खाटेवर होता. कांता पहाटेच दुसऱ्यांच्या बांध्यांत रोवणीला जायची. सुजाता माझ्याकडे असायची. मी तिला खाऊ घालायची, न्हाऊ घालायची, आणि सगळे म्हणायचे, जाऊ असावी तर अशी.

तोवर मला खरंच वाटत होतं हो — दुसऱ्या पानावर तसंच काहीतरी असणार. आपलंच बोललेलं आपल्याला खरं वाटायला लागतं.

मग एक दिवस विहारात एक बाई भेटली, पलीकडच्या गावची. तिचा नवरा त्याच कंपनीत, त्याच वर्षी लागलेला. त्याची गाडी उलटली होती. ती सांगत होती, कंपनीनं नागपूरला ऑपरेशन केलं, घरी बसला तरी अर्धा पगार येऊन राहिला, विम्याचे पैसे निराळे. मी तिला कंपनीचं नाव पुन्हा विचारून घेतलं.

तो कागद माझ्या पेटीत होता. दुसऱ्या दिवशी तो घेऊन मी गोंदियाला गेले. कचेरीसमोर टायपिंगवाले बसतात ना, त्यातल्या एकापुढं ठेवला. त्यानं चष्मा वर केला, सगळं वाचलं. पाच शून्यांचा आकडा म्हणजे अपघात झाला तर कंपनीनं घरच्यांना द्यायचा विमा. चोवीस म्हणजे तो विमा चोवीस तास लागू, गाडीवर असो की घरी. खाली फंड, बायकोपोरांचा दवाखाना, वर्षाच्या सुट्ट्या. मंडईला पुरून उरतील एवढ्या.

वाचून झाल्यावर तो म्हणाला, "अम्मा, ये तो अच्छी नौकरी थी. किसकी है?"

मी म्हटलं, "किसी की नहीं."

आता तुम्ही म्हणाल, पहिली चूक घाबरून झाली. असेल. पण ही दुसरी? घरी येऊन मी तो कागद परत पेटीच्या तळाशी ठेवला, त्यावर साड्या ठेवल्या आणि भाकरी थापायला बसले. शालिक खाटेवरून म्हणाला, वैनी, गोंदियाहून माझ्यासाठी का आणलं? मी चिवडा आणला होता. तो दिला.

त्याचा पाय नंतर भरला, पण आखूड राहिला. ट्रक सुटला. हायवेला पंक्चरचं दुकान टाकलं, ते चांगलं चालतं. तो काही रडत बसलेला माणूस नाही. नाटकात आता लंगडा शिपाई करतो, म्हणतो, मेकअपचा खर्च वाचला. आणि जो भेटेल त्याला सांगतो: माझ्या वैनीनं कागद वाचला म्हणून त्या कंपनीच्या फासातून सुटलो. इतकी वर्षं सांगतो आहे. माझ्यासमोर सांगतो. मी मान खाली घालते, लोकांना वाटतं लाजली.

सुजाता त्याच्यासोबत दुकानात वाढली. टायर खोलायला शिकली, मग ट्रॅक्टर, मग पिकअप. लोक हसले, मग हसून थकले. यंदा तिनं ट्रकचं लायसन काढलं. गेल्या आठवड्यात तिला एका कंपनीचा कागद आला — मोबाइलवर आला होता, तरी झेरॉक्सच्या दुकानातून छापून घेऊन आली. कारण बापानं सांगितलं होतं, पयले मोठ्या मायले दाखव. मोठी माय म्हणजे मी.

दोन पानं. दोन्ही इंग्रजीत.

मी हात धुवायला उठले आणि मोरीपाशी उभीच राहिले. बाहेर शालिक पाय पसरून ओट्यावर बसला होता. पोरीला म्हणत होता, मागच्या बारीले मोठ्या मायनंच वाचवलं होतं मले, आता तुले वाचवन. पाणी वाहत होतं. मी बाहेर आले आणि म्हटलं, "बेटा, मले इंग्रजी येत नाई. कधीच येत नवती."

सुजाता म्हणाली, "मले मालूम हाय, मोठी माय. सहावीत माझी इंग्रजीची मार्कशीट उलटी धरून शाब्बास म्हटलं होतं तू."

आणि हसली. शालिकही हसला. त्याला वाटलं, मोठी माय म्हातारपणी गंमत करते. त्याचं ध्यान वीस वर्षं मागं गेलंच नाही.

मग आम्ही दोघी बसलो. ती एकेक ओळ इंग्रजीत वाचायची, मराठीत सांगायची, आणि मी विचारायची. बाई, मला विचारायला येतं! कापाकापी होऊन हातात किती येणार? गाडी खाली व्हायला तीन दिवस उभी राहिली तर त्या दिवसांचा भत्ता कोण देणार? डिझेलचं ॲव्हरेज कमी पडलं तर पगारातून कापणार का? चालान कुणाच्या नावानं फाटणार? विमा पहिल्या दिवसापासून, की शिकाऊपणाचे सहा महिने तू अशीच उघडी? बाईमाणसाला थांबायची, आंघोळीची जागा कुठं? आईबाप दवाखान्याच्या कार्डात बसतात का? दोन गोष्टी कागदात नव्हत्या — उभ्या गाडीचा भत्ता आणि शिकाऊपणातला विमा. सुजातानं तिथूनच फोन लावला. तो माणूस चांगला होता. म्हणाला, बीमा पहले दिन से है, खड़ी गाड़ी का भत्ता दूसरे दिन से. मी तिला खुणावलं, लिहून द्या म्हणावं. संध्याकाळपर्यंत लिहून आलं. पगार दुसऱ्या एका जागेपेक्षा थोडा कमी आहे, तरी तिनं हीच घेतली. सुट्ट्या बापानं बोटांवर मोजल्या. मंडईला येते पोरगी.

सोमवारी ती जाते आहे. तिचा चेहरा बघाल तर तुम्हालाही गाडीत बसावंसं वाटेल. मला इतका आनंद झाला आहे की रात्रीचं जेवण दोनदा वाढून घेतलं, आणि दुसऱ्यांदा वाढलेलं तसंच झाकून ठेवलं. अशीच सोमवारची सकाळ वीस वर्षांमागं शालिकची होती. ती मी घेतली. भीतीनं नाही, अडाणीपणानं नाही. ओट्यावरच्या सात-आठ तोंडांसमोर मोठं दिसायचं होतं म्हणून. आणि नंतर कळलं तरी गप्प राहिले, तेही त्याचसाठी.

पेटीतून तो जुना कागद काढला आहे. घडीवर अजून घामाचा डाग आहे. त्याला ही मी लिहिलेली पानं जोडते. शालिकला एवढं वाचणं व्हायचं नाही, आणि मी वाचून दाखवायला बसले तर एखादी ओळ नक्की गाळीन. मी माझ्या वाचण्याला ओळखते. म्हणून सगळं सुजाताच्या हाती देते. रविवारी दुकान बंद असतं, तेव्हा आपल्या बापाला ओट्यावर बसवून वाचून दाखव म्हणून. आधी माझं, मग त्या कागदाचं दुसरं पान, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.

मी तिथंच बसणार आहे. त्याच्यासमोर.