राखेतलं पाऊल
कोळशाच्या भट्टीचा वास आला, की मला पोलिसातल्या पहिल्या वर्षातली ती दुपार आठवते. कळंबला दरोडा घालून पळालेल्या एका माणसाचा माग काढत जमादार आणि मी डोंगरातल्या रानात शिरलो होतो. जमादारांच्या मिशा अशा, की दोन्ही टोकांना दोन कंदील टांगावेत. पण त्या माणसाने झुडपाआडून कोयता हाणून त्यांची पोटरी पिकल्या फणसासारखी उकलली होती. मी म्हटलं, "जमादार, माघारी चला, जीव जाईल." ते गुरकावले, "जीव माझा हाय का तुझा रं? चल म्होरं!" दोघांत एकच पटका उरला होता, त्यांच्या डोक्यावरचा; तो जखमेला बांधू म्हटलं तर म्हणाले, "मग त्याच्या मुसक्या काय तुझ्या शेंडीनं बांधू?" रान इतकं गप्प होतं, की मुंगी खाकरली असती तरी ऐकू आलं असतं. वाट चुकून, गोल फिरून आम्ही पुन्हा मघाशीच ओलांडलेल्या एका विझलेल्या कोळशाच्या भट्टीपाशी आलो. राखेत जमादारांच्या रक्ताचे मघाचे थेंब होते, आणि त्या थेंबांवर एक अनवाणी पाऊल उमटलं होतं. आमच्या दोघांच्याही पायांत वहाणा होत्या. जमादारांनी पटका सोडला आणि ते कुजबुजले, "बांध पाय." मी पाठीमागच्या झुडपांकडे बघत बांधत होतो, त्यात गाठ सतरा वेळा सुटली. रानाबाहेरच्या भिसेगावापर्यंत मी मागे नजर ठेवून उलटा चालत आलो, असं सांगतो तेव्हा लोक हसतात. माझ्या बाकीच्या गोष्टी खोट्या असतील, ही नाही.