किल्ल्यावरचं शेवाळ
दिवाळीत सोसायटीतली मुलं किल्ल्यासाठी माती कालवू लागली की त्या ओल्या वासाने मला माझ्या मुलीचे हिरवे हात आठवतात. तेव्हा आम्ही मुलुंडला, मी कामाला होतो त्या बॅटरीच्या कारखान्यामागेच राहायचो. तिने कारखान्याच्या भिंतीवरचं शेवाळ सोलून आणून किल्ल्यावर पसरलं होतं. "बाबा, बघ ना, झकास कुरण!" शेजारच्या बाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. त्या वाकून बघत म्हणाल्या, "अहो, याला मुळं नसतात. हवेतून येईल ते शोषतं, कारखान्याच्या धुरातलं शिसंसुद्धा. मरत नाही, साठवून ठेवतं. शिसं मुलांच्या मेंदूला फार वाईट." मी सगळं शेवाळ पिशवीत बांधलं आणि मोरीत तिचे हात साबणाने चोळत राहिलो. "कातडी काढतोस का रे बाबा?" ती रडकुंडीला आली. टॉवेल घ्यायला खिडकीशी गेलो, तर तिच्या अभ्यासाच्या टेबलाला लागून, गजांखाली तेच शेवाळ दाट, टवटवीत वाढलेलं. तेही खरवडलं, पण नोकरी तीच, घर तेच, पुढच्या पावसाळ्यात ते परत आलं. आता ती तिच्या संसारात आहे. फोनवर कधी हसत म्हणते, "अय्या, विसरलेच रे बाबा," आणि त्या खिडकीशी ती किती वर्षं अभ्यासाला बसली, ते मी मनात मोजू लागतो.