रवळूची मूठ

इटलीच्या लढाईत बेळगुंदीच्या रवळूच्या उजव्या हातात तोफगोळ्याचा तुकडा घुसला. जखम भरली, पण बोटं ताठच राहिली. पंचेचाळीस साली त्याला कॅम्पातल्या एका लष्करी दवाखान्यात आणलं आणि औषधाऐवजी हातमागावर बसवलं, तेव्हा त्याचं डोस्कंच फिरलं.

"मी पलटणीतला शिपाई. मला टावेल विणाय लावताय व्हय?" म्हणत त्यानं डाव्या हातानं मागावरचा सूत ओढणारा धोटा भिंतीवर भिरकावला.

विणकाम शिकवायला शहापूरची शालूबाई होती, विणकराघरची विधवा. तिनं धोटा उचलून पुसला. "उजव्यानं फेकशील तवा मानीन तुला," ती म्हणाली.

रवळूला ते झोंबलं. दुसऱ्या दिवशी तो मुकाट मागावर बसला.

असे अधू हात कामातून बरे करणाऱ्या तिथल्या गोऱ्या मडमेला हाताची नस न् नस ठाऊक होती. धोटा पळवायच्या दोरीच्या मुठीला तिनं चिंध्या गुंडाळून ती पेरूएवढी जाड केली, म्हणजे ताठ बोटांतही मावेल. दर आठवड्याला एक चिंधी कमी करायची. बोटांना तेवढं जास्त वळावं लागे. कळ मस्तकात जायची. रवळू मडमेला, शालूबाईला, जर्मनांना, सगळ्यांना शिव्या घालायचा. पण दोरी सोडायचा नाही.

बोटं निम्मी वळली आणि लढाई संपली. मडम विलायतेला गेली. नव्या मेजरनं मागाची खोली सामानासाठी रिकामी केली, शालूबाईला घरी बसवलं आणि रवळूला म्हणाला, "झालं तुझं. जा गावाला."

"सायेब, खुरपं अजून हातात ऱ्हात न्हाय."

"डाव्या हातानं धर."

"पलटणीत घेताना उजवा हात बघूनच घेतलासा न्हवं?" रवळू असा ओरडला की दोघांनी धरून त्याला फाटकाबाहेर काढलं.

मग तो दिवसाआड चालत शहापूरला, शालूबाईच्या मागावर जाऊ लागला. ती मडमेसारख्याच चिंध्या गुंडाळायची, सोडायची. "विधवेच्या घरात कसलं रं औषध मिळतंय?" असं गावातल्या भरमानं हसत विचारलं, तेव्हा रवळूनं त्याची गचांडी धरली. उजव्या हातानं. चौघांना ती सोडवावी लागली.

वर्षभरानं दवाखान्यातून बोलावणं आलं. वळलेली मूठ बघून मेजर खूश झाला. 'आमच्या उपचारानं बरा' असं लिहून त्यानं सहीला कागद पुढं केला.

"शालूबाईचं नाव लिवा."

"तसा रकाना नाही."

"मग माजी सहीबी न्हाय."

तो तडक शहापूरला आला. शालूबाई शाबासकी देईल असं त्याला वाटलं होतं. ती उलट भडकली. "माज्या नावाचं काय घिऊन बसलास? खोली उघडा म्हणायचंस! किती पोरं तशीच हात लोंबकळत घरी गेली, म्हाईत हाय?"

दुसऱ्या दिवशी रवळू मागाची खोली उघडा म्हणायला पुन्हा कॅम्पात गेला. मेजरनं भेटसुद्धा दिली नाही. तेव्हा खानापूरकडची गावं पालथी घालून त्यानं तसेच हात लोंबकळणारे दोन शिपाई शोधले आणि शालूबाईच्या सोप्यात मागावर आणून बसवले. ते दुखून ओरडले की रवळू त्यांच्यापेक्षा मोठ्यानं मेजरला शिव्या द्यायचा.