नाल्यावरची राणी

माझे साडू गेले, त्या दिवशी त्यांच्या गावी, धाडला, बाजार होता.

फुलपाखरासाठी पाहुण्याला भरल्या ताटावरून उठवणारा माणूस बुलढाणा जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. शेतात लिंबाची चाळीस झाडं, पण फवारणीला सक्त मनाई. पाखरांच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या फुलपाखरांच्या अळ्या पानं कुरतडत बसत आणि हे बांधावरच्या शेजाऱ्याला सांगत, "खाऊ दे बे. लिंबं आपल्याले, पानं त्यायले."

त्यांना हवी होती राणी पाकोळी. काळी, तळहाताएवढी, मागच्या पंखांवर फिकट निळी. तिचा पत्ता त्यांना तोंडपाठ होता. "पोळा झाला का दसऱ्यापावतो. पाऊस थांबून दोन दिस ऊन पडलं पाह्यजे. दहा ते बारा, नाल्याच्या ओल्या रेतीवर. एस्टी चुकन, हे नाही चुकत." खारट ओलीवर ती उतरते, म्हणून ते बैलांचं मूत बादलीत भरून नाल्यावर नेत. ताई, म्हणजे माझी मोठी मेहुणी, ओट्यावरून म्हणायच्या, "लोकं देवाले फुलं नेतात, आन् आमचं ध्यान पाहा!"

बुलढाण्यातल्या काही हौशी मंडळींनी जिल्ह्यातल्या फुलपाखरांची गाववार यादी चालवली होती. फोटो नसेल तर पाहणाऱ्या दोघांच्या सह्या लागत. आम्हा दोघांकडेही बटणांचे फोन. राणीपुढे धाडचं नाव लागावं, एवढीच त्यांची इच्छा. दुसरी सही माझी ठरली होती.

एका आश्विनात आम्ही नाल्यावर उकिडवे बसलो होतो. ते हळूच म्हणाले, "साडभाऊ, आली."

खात्री करावी म्हणून मी सोबत आणलेलं फुलपाखरांचं पुस्तक उघडलं. चित्र सापडलं, वर्णन वाचलं, मान वर केली. रेतीवर काही नव्हतं.

"पाह्यली ना?"

"पान शोधत होतो."

ते हसले. "घरात चोर आला, तं तुमी पयले पुस्तकात पाहान, चोर कसा दिसते!"

संध्याकाळी त्यांनी सही करून कागद माझ्यापुढे ठेवला. मी म्हणालो, मी पाहिलेली नाही. ताई चिडल्या, "एक सही तं हाय! काऊन अडून राह्यले?"

साडूंनी कागदाची घडी घातली. "नाही पाह्यली तं नाही. पुढच्या साली पाहू."

पुढच्या पोळ्याआधीच ते गेले.

तेव्हापासून मी दर वर्षी नाल्यावर जातो, पुस्तक न घेता. पिवळसर येतात, काळ्यापांढऱ्या येतात. निळी मला अजून दिसलेली नाही. यादीत धाडचं नाव नाही. एका सहीचा तो कागद माझ्याकडे आहे.