चंद्रीच्या जागी आलेला कर्णा

कर्ण्याचं तोंड आभाळाकडं ठेवून विसरलं की त्यात पाणी साठतं, आणि कर्णेवाल्याच्या पोटात किस्से साठतात. दोन्ही अधूनमधून उपडे करावे लागतात, न्हाई तर गंज चढतो. आता तुम्ही बसलाच आहात, पाऊसही थांबायचं नाव घेत न्हाई, तर ऐका. पण मधी बोलायचं न्हाई. सारी हयात माइकपुढं गेली माझी, मधी कुणी बोललेलं मला खपत न्हाई.

निजामी अमलाची शेवटशेवटची वर्षं. लातुरात आमचे अण्णा लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचे. ते त्याला 'कंपनी' म्हणायचे. कंपनीत माणसं तीन. अण्णा मालक, मौलाभाई मिस्त्री आणि मी बोलणारा. आवाज मोठा म्हणून मला सगळे मास्तर म्हणायचे. शाळेत मी कधी शिकवलं न्हाई, आणि शिकलो तेही बेताचंच. सामान म्हणाल तर आवाज मोठा करणारी एक पेटी, मोटारीची एक बॅटरी, एक ग्रामोफोन, एक माइक आणि हा एवढा थोरला पत्र्याचा कर्णा. लातूरपासून नांदेडपर्यंत लग्न असो, उरूस असो, जत्रा असो, बैलगाडीत कर्णा घालून आम्ही निघालोच.

* * *

हे सगळं आलं कुठून? तर म्हशीतून.

अण्णांच्या घरी चंद्री नावाची म्हैस होती. कपाळावर पांढरा चांद, म्हणून चंद्री. वैनींनी, म्हणजे अण्णांच्या बायकोनं, तिला रेडकू असल्यापासून वाढवलेली. ती दुसऱ्या कुणाच्या हाताला पान्हा सोडायची न्हाई. वैनी चार दिवस माहेरी गेल्या, तेवढ्यात अण्णांनी चंद्री मुखेडकडच्या एका शेतकऱ्याला विकली आणि त्या पैशातून ही कंपनी काढली.

वैनी परत आल्या. गोठ्यात गेल्या. चंद्रीच्या खुंट्याला कर्णा टेकवून ठेवलेला. त्यांनी आधी कर्ण्याच्या तोंडात वाकून बघितलं, मग मागून बघितलं. मग अण्णांकडं न बघता मौलाभाईला विचारलं, "हे दूध किती देतं?"

वैनी म्हणाल्या, "सांगा तुमच्या मालकाला. ज्या दिवशी हे दूध देईल, त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलीन."

आणि खरंच बोलणं बंद केलं की बाईनं! स्वयंपाक वेळेवर, धुणं वेळेवर, पण शब्द न्हाई. आम्हाला शेजारच्या दुधाचा चहा आणि अण्णांना कोरा. दोन पावसाळे तो माणूस कोरा चहा प्यायला.

* * *

घरातला सगळा कारभार आमच्या मार्फत चालायचा. "मौलाभाई, त्यांना सांगा पान वाढलंय." "मास्तर, तिला सांगा मीठ कमी हाय." दोघं समोरासमोर बसलेले, आणि आम्ही मधी वकिलासारखे.

एकदा आम्ही दोघंही नव्हतो. अण्णा अंगणात बसलेले आणि सदरा पाठीत टरकलेला. आता सांगायचं कुणाकरवी? वैनी गोठ्यात गेल्या आणि कर्ण्यापुढं उभ्या राहून म्हणाल्या, "ए बाबा, तुझ्या मालकाला सांग, सदरा फाटलाय, काढून दे म्हणावं."

अण्णांनी हे मला हसत हसत सांगितलं. मग म्हणाले, "मास्तर, भांडली असती तर बरं झालं असतं. हे गप बसणं लई जड जाऊन राहिलंय." मला फार वाईट वाटलं. अण्णा तसे बोलके, पण बोलायचं ज्या माणसाशी, तेच गप.

* * *

त्या काळी कर्णा लावायचा तर कोतवालीची इजाजत लागायची. चार माणसं एके ठिकाणी जमली की सरकारला धास्ती, आणि कर्ण्यानं तर चारशे जमायची. म्हणून दर कार्यक्रमाला एक जमादार माइकशेजारी खुर्ची टाकून बसायचा. आमच्या वाट्याला बहुतेक वेळा एकच यायचा. मिशाळ, कडक, पण जिलबीला नरम.

नांदेडला एका लग्नात एक पोरगं हरवलेलं सापडलं. रडून रडून लाल झालेलं. नाव तेवढं बंडू सांगायचं. मी पुकारायला माइक हातात घेतला, तर जमादारानं हात आडवा घातला. "इजाजत शादी की है. बच्चा गुम होने की नहीं."

पुष्कळ विनवलं. जमादार हलेना. पोरगं तिकडं भोकाड पसरून राहिलेलं. शेवटी मी घसा साफ केला आणि माइकवर म्हणालो, "वधूवरांना आशीर्वाद देण्यासाठी हिरवी टोपी घातलेले, नाक वाहत असलेले चिरंजीव बंडू मंडपात जातीनं हजर झाले आहेत. त्यांच्या मातोश्रींनी आहेरासाठी ताबडतोब माइकपाशी यावं."

जमादारानं जरा विचार केला. मग जिलबी उचलली आणि म्हणाला, "हां, ये शादी में आता है."

मातोश्री धावत आल्या, आणि आहेर त्यांनीच केला, चिरंजीवांच्या पाठीत.

* * *

पावसापेक्षा आमच्याकडं उन्हाचा ताप जास्त. वैशाखात हदगावला लग्नाला चाललो होतो. कर्णा झाडाच्या सावलीत ठेवा, बॅटरीवर ओलं पोतं टाका, सगळी काळजी घेतली आणि गाण्याच्या तबकड्या मात्र गाडीच्या टपावर उन्हात राहिल्या. संध्याकाळी काढल्या तर पापडासारख्या वाकलेल्या. त्यातल्या त्यात बरी बघून मौलाभाईनं लावली. सुई डोंगर चढल्यासारखी वर जायची, खाली यायची, आणि गाणाऱ्या बाईचा आवाज तिच्यामागं झोके घ्यायचा.

आम्ही मान खाली घालून बसलो. आता वरपक्ष येणार आणि आमची शोभा होणार. आलेच नवऱ्याचे मामा. गाण्यातले दर्दी म्हणून पंचक्रोशीत नाव. डोळे मिटून त्यांनी सगळी तबकडी ऐकली, आणि भोवतालच्या मंडळींना म्हणाले, "ही जुनी गायकी हाय. कळायला जन्म जातो."

पुढच्या साली त्यांच्या घरी मुंज होती. निरोप आला, कर्णा आणा आणि तीच तबकडी आणा.

* * *

एकदा मात्र कर्णाच कामावर आला न्हाई. गोठ्यात आडवा टांगलेला असताना चिमणीनं त्याच्यात घरटं केलं. पिल्लं झाली. आणि नेमकी लातुरातच एका साखरपुड्याची सुपारी आलेली. अण्णा शिडी लावून वर चढणार, तर वैनी दारात. "मास्तर, त्यांना सांगा, एकीचं बिऱ्हाड उठवलंय तेवढं पुरे. पिल्लं उडेपर्यंत कुणी हात लावायचा न्हाई."

अण्णा मुकाट खाली उतरले. आता काय करायचं? कल्हईवाल्याकडून एक जुना पत्रा आणला, त्याचं नळकांडं केलं आणि मला साखरपुड्याच्या घरी माळवदावर उभा केला. सबंध कार्यक्रम मी नळकांड्यातून तोंडानं ओरडलो. वर गाणी पाहिजेत म्हणाले म्हणून गाणीही म्हटली. रात्री माझ्या घशातून आवाजाऐवजी नुसती हवा निघत होती.

यजमान खूश. म्हणाले, "अण्णा, नवीन कर्णा घेतला का? मागच्यापेक्षा साफ ऐकू येतंय."

* * *

पण खरी गंमत पोळ्याची. अण्णांकडं बैल नव्हते, म्हैस गेलेली, गोठा रिकामा. आणि वैनींचा दंडक असा की पोळ्याला गोठ्यात पूजा झालीच पाहिजे. सकाळी त्यांनी कर्णा खाली घेतला. घासूनपुसून लख्ख केला. जवसाच्या तेलात शेंदूर कालवून बैलाच्या शिंगांना लावतात तसा आतून-बाहेरून जाड लेप दिला. पाठीमागच्या यंत्राच्या डब्यावर चंद्रीची जुनी झूल शिवून बसवली. पावसात तिच्या अंगावर टाकायची ना, ती. हळदकुंकू वाहिलं, तोंडापुढं पुरणाची पोळी ठेवली. पोळी मौलाभाईनं खाल्ली.

अण्णांना वाटलं, राग निवळला. हळूच मला म्हणाले, विचार बरं तिला. मी विचारलं. वैनी म्हणाल्या, "त्यांना सांगा, मी जनावराचा सण केलाय, नवऱ्याचा न्हाई."

संध्याकाळी लोक बैल घेऊन मारुतीपुढं निघाले, त्यात आमचे अण्णा डोक्यावर कर्णा घेऊन. सगळं गाव हसलं. पण आठवड्यात पावसाची झड लागली, आणि मौलाभाई कर्ण्याकडं बघतच राहिला. पाणी पडायचं आणि अळवाच्या पानावरून निथळावं तसं निथळून जायचं. मागं झूल असल्यानं आतल्या यंत्राला ओल न्हाई. एरवी पावसाचा शिंतोडा पडला की आमचा कर्णा खोकायला लागायचा, तो भर पावसात खणखणीत. तेव्हापासून अण्णा सगळ्यांना सांगायचे, आमचा कर्णा बारमाही हाय. कुणामुळं, ते मात्र घरात मोठ्यानं म्हणायची त्यांची हिंमत न्हाई झाली.

* * *

आणि मग मुखेडकडचा तो गुरांचा बाजार.

हिवाळ्यातला बाजार, म्हणून पावसाची कुणी तयारी केलेली नव्हती. वैनीही आमच्याच गाडीतून आल्या होत्या. चूल, पातेलं, चहा-साखर बरोबर. वाटेत मला चहा, मौलाभाईला चहा, गाडीवानाला चहा, अण्णांना कोरा.

दुपार कलली आणि अवकाळी पावसानं गाठलं. वारा असा की पालं उडाली, जनावरं दावी तोडून पळाली, जो तो आपलं जनावर शोधतोय. कर्णा बांधलेला आमचा बांबू हलायला लागला तसे अण्णा शिडीवरून वर चढले आणि कर्णा मिठीत धरून बसले. खाली ताडपत्रीत पेटी, माइक, मी, मौलाभाई, वैनी, त्यांची चूल आणि जमादार.

एवढ्यात एक शेतकरी रडकुंडीला येऊन ताडपत्रीत शिरला. म्हैस पळाली म्हणाला. ताजी व्यालेली, रेडकू तिकडं हंबरून राहिलंय, नदीकडं गेली असली तर वाहून जाईल. मी विचारलं, खूण काय? तो म्हणाला, "कपाळावर पांढरा चांद हाय."

वैनींच्या हातातली फुंकणी खाली पडली.

त्या उठल्या आणि माइकपाशी आल्या. मी जमादाराकडं बघितलं. आता हा हात आडवा घालणार. जमादारानं मिशीवरचं पाणी पुसलं. "बाजार जनावरांचा, इजाजत जनावरांची. बुलाओ."

दोन वर्षांत वैनींनी त्या माइकला बोट लावलेलं नव्हतं. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि रोज संध्याकाळी गोठ्याच्या दारातून मारायच्या तशी हाक मारली, "चंद्रे, ये गं बाय, ये... ये..."

शेंदूर लावलेला तो कर्णा त्या पावसात असा वाजला की सगळा बाजार थांबला. वैनी हाक मारत राहिल्या. आवाज रडवेला झाला तरी मारत राहिल्या. आणि मग नदीच्या अंगानं आरडाओरडा झाला. रेवडीवाल्याचं पाल शिंगांवर घेऊन, कुस्तीच्या फडातून पैलवानांना पळवत, चंद्री आली. आली ती थेट बांबूखाली उभी राहिली, आणि मान वर करून कर्ण्याकडं बघून हंबरली.

वैनी बाहेर धावल्या आणि तिच्या गळ्यात पडल्या. पावसात दोघींचं काय चाललं होतं ते मला सांगता येत न्हाई, मी डोळे पुसत होतो. शेतकऱ्यानं रेडकू आणलं, ते पोटभर प्यालं. मग तो हात जोडून म्हणाला, "वैनी, मला ही अजून नीट पिळू देत न्हाई. आजची धार तुम्हीच काढा."

वैनींनी तिथंच उकिडवं बसून धार काढली. पातेलं भरून फेस वर आला. ताडपत्रीत येऊन त्यांनी चुलीवर चहा टाकला. मौलाभाई पेटी बंद करायला निघाला, तर जमादारानंच त्याचा हात धरला. माइक चुलीशेजारी तसाच चालू.

पाऊस थांबला होता. अण्णा अजून वरच, चिंब भिजलेले, कर्ण्याला कवटाळून. वैनींनी एक पेला भरला, पदरानं धरला आणि वर बघितलं. आणि त्या कर्ण्यातून, अण्णांच्या अगदी कानाशी, अख्ख्या बाजाराला ऐकू गेलं:

"अहो, खाली या. चहा झालाय. दुधाचा."

अण्णा वरूनच "आलो" म्हणाले. ते मात्र कर्ण्याशिवाय सगळ्या बाजारानं ऐकलं.