कामठीच्या दारातला दगड

भूशास्त्राला विद्यार्थी मिळायचे नाहीत. म्हणून सत्तरच्या सुमारास आमच्या सरांनी एक युक्ती काढली. दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येकाच्या हातात दगडांची एकेक पेटी दिली आणि आसपासच्या कॉलेजांत पाठवलं. जा, आपल्या कोर्सबद्दल बोला, पोरं घेऊन या. मी पहिल्यापासून तोंडाळ, त्यामुळे माझ्याकडून सरांना फार आशा. पण माझा स्वार्थ वेगळा होता. दगड पाहायची टूर सगळ्या वर्षांची एकत्रच निघायची, आणि अख्ख्या विभागात मुलगी मी एकटीच. एकट्या मुलीला आठ दिवस मुलांबरोबर टूरवर पाठवणार नाही, असं प्राचार्यांनी सांगून टाकलं होतं. टूर नाही तर प्रॅक्टिकल नाही, आणि प्रॅक्टिकल नाही तर डिग्रीही गेली. मला कसंही करून आणखी एक मुलगी हवी होती.

माझ्या वाट्याला कामठीचं कॉलेज आलं. तिथल्या वर्गात मी तासभर बडबडले. पोरं जांभया देत होती. एक मुलगी मात्र पेटीजवळून हलेना. हा दगड जड का, तो चमकतो कशानं, एकेक विचारत राहिली. मग हळूच म्हणाली, "मले यायचं हाय, पण बाबा नाही म्हणते." फॉर्मची शेवटची तारीख दुसऱ्याच दिवशी होती. मी पेटी उचलली आणि तिच्यामागे तिच्या घरी गेले.

विणकरांचं घर. छप्पन साली बौद्ध धर्माची दीक्षा घेतलेलं. पुढच्या खोलीत हातमाग, आणि मागावर तिचे वडील. आईनं पितळी गिलास पुढे केला.

"पाणी घे वं बाई, उन्हातून आली."

"नको, तहान नाही," मी म्हटलं. घसा कोरडा पडला होता. पण कुणाच्या घरी तहान लागू द्यायची आणि कुणाच्या नाही, हे आमच्या घरात कुणाला शिकवावं लागत नसे. ते आपोआप अंगात आलेलं असायचं. तिनं गिलास कोनाड्यात ठेवला आणि पदरानं हात पुसले.

मी भाषण सुरू केलं. कोळशाच्या खाणी, मँगनीज, सरकारी नोकऱ्या. वडिलांनी मागावरचा धोटा थांबवला नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरीच्या जातीनं आठ आठ दिवस डोंगरात काहून राहावं? माह्यं मन नाही घेत." आवाजात राग नव्हता. मी पेटी बंद केली. मुलगी भिंतीला टेकून पायाकडे बघत होती. संपलं सगळं, तिचंही आणि माझंही.

मी दारात बसून चपलेचा पट्टा लावायला लागले. पायाखाली पाटीएवढा लाल दगड पायरीसारखा ठेवलेला. त्याच्या कडेला एक बारीक काळी रेघ दिसली. मी तो उचलून उलटा केला, माती झटकली, तरी नीट दिसेना. मग केलं ते, जे आम्ही रोज करायचो. ओल्या दगडावरची खूण उठून दिसते आणि रानात दर वेळी पाणी हाताशी नसतं, म्हणून सरांनी आम्हा सगळ्यांना लावलेली सवय. मी दगड चाटला.

आईच्या तोंडून "अगं बाई" निघालं. मागाचा खटखटाट बंद पडला.

मी मात्र दुसऱ्याच जगात होते. दगडात पान होतं. वीतभर लांब, टोकाशी निमुळतं, आत्ता गळून पडावं इतकं धड. कोट्यवधी वर्षांपूर्वीचं, डायनासोर जन्मायच्याही आधीचं. आमच्या पुस्तकात या दगडाच्या थराचं नावच कामठी आहे. पुस्तकातलं त्या पानाचं चित्र मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. हे हातात धरलं आणि अंगावर सरसरून काटा आला. मला रडू येत होतं, आणि का ते सांगता येत नव्हतं.

वडील मागावरून उठून आले. दगड मांडीवर घेऊन त्यांनी त्यावरून बोट फिरवलं, कापडावरून फिरवावं तसं. कितीतरी वेळ.

"मधात एक जाड ताणा हाय," ते म्हणाले. "अन् दोन्ही बाजूले जाळी. एक सूत सुटं नाही, सारं एकमेकात गुंतलं हाय."

या पानाची नेमकी हीच ओळख. मधली शीर आणि जाळी. ती कळायला मला एक अख्खी टर्म लागली होती, भिंग घेऊन. या माणसानं नुसत्या बोटानं वाचली. मला माझ्या भाषणाची लाज वाटली.

"वीस वर्सं पाय देऊन राहिलो याच्यावर," ते म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पोरी, तू आमच्या घरचं पाणी नको म्हणाली. अन् घरच्या साऱ्यायनं पाय पुसलेला दगड चाटला."

माझे कान तापले. त्यांना सगळं कळलं होतं, पहिल्याच क्षणी. मी उठले, कोनाड्यातला गिलास घेतला आणि तळापर्यंत प्याले.

"अजून एक दे तिले," ते बायकोला म्हणाले. "तोंडात माती गेली असन."

मग मुलीकडे हात पुढे करून त्यांनी फॉर्म मागितला. दुसरा गिलास माझ्या हातात होता, तेव्हा ते मागाच्या लाकडावर कागद टेकवून सावकाश सही करत होते.