उंबराचं पाणी

“चारशे वर्षं झाली ख्रिस्ती होऊन, तरी जंगलीच राहिलात. ओत ते पाणी.”

फादर हे माझ्या आईला म्हणाले. भर मांडवात, माझ्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी. आईच्या डोक्यावर भरलेली कळशी. मागे बँडवाले, गाणं अर्धवट तोंडात धरून उभे.

आमचं गाव अंधेरीतलं. हो, गावच. बिल्डिंगी नंतर आल्या. लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीला मान द्यायचा, वाजतगाजत पाणी आणायचं, त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालायचं. यालाच आम्ही उंबराचं पाणी म्हणतो. आजीचं तसंच झालं, आईचंही. पण ऐंशी सालानंतर चर्चमध्ये बिल्डिंगवाल्यांचं, बाहेरून आलेल्या ख्रिस्त्यांचं राज्य आलं. प्रार्थना इंग्रजीत, कमिटी इंग्रजीत, फादरही त्यांचेच. आमची लुगडी मागच्या बाकांवर. त्या संध्याकाळीही कमिटीतल्या दोन बायका फादरांमागे उभ्या होत्या, नाकाला रुमाल लावून.

“नाही ओतलंस, तर उद्या लग्न लागणार नाही,” फादर म्हणाले.

आता गंमत ऐका. चर्चच्या दारातलं पवित्र पाणी याच विहिरीचं. आमचाच माणूस ओढून द्यायचा. फादर त्यावर इंग्रजीत काही पुटपुटले, की ते पाणी देवाचं होतं. माझ्या आईने त्यावर गाणं म्हटलं, की तेच पाणी सैतानाचं.

आईने कळशी उतरवली. विधवा बाई. पोरीचं लग्न मोडलं तर? कळशी जमिनीकडे कलली.

मी पाटावरून उठले, सरळ कळशीखाली जाऊन बसले.

“ओत, आई. फादरच सांगतायत.”

आईने माझ्याकडे पाहिलं. आणि ओतली. अख्खी, डोक्यावरून. ड्रमवाला महावात्रट, त्याने ठेका धरला. शिंतोडे फादरांच्या पांढऱ्या झग्यावर. असं न्हाण गावात कुणाचं झालं नसेल.

शिक्षा मिळाली. लग्न पहाटे, कोपऱ्यातल्या वेदीपाशी. फुलं नाहीत, घंटा नाही. पाय घसरलेल्या पोरीचं उरकतात तसं. आणि रविवारी सगळ्यांसमोर आईला माफी मागायला लावली. तिने मागितली. ते मी अजून गिळलेलं नाही.

आता त्याच चर्चला आमची ‘संस्कृती’ हवी झाली आहे. वार्षिक कार्यक्रमात लुगडं नेसून, रिकामी कळशी घेऊन स्टेजवर या, असा निरोप आला. फोटो काढणार आहेत.

स्टेजवर मी जाणार नाही. माझ्या मुलीचं लग्न ठरलंय. मी विहिरीवर जाणार. भरली कळशी, पुढे बँड, रस्ता चर्चच्या दारावरून. घंटा वाजली नाही तरी लग्न होईल. त्या पाण्याशिवाय होणार नाही.